रायडिंग मोअर अर्ध्या फेऱ्यात अडतो तेव्हा : बॅटरी बदलण्यापूर्वी टॅपेट तपासा

रायडिंग मोअरची, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्राची, चावी फिरवली की स्टार्टर इंजिनाला अर्धा-पाऊण फेरा देतो आणि जागच्या जागी थबकतो. चावी सोडून पुन्हा फिरवली की कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या खेपेला तो अडथळा ओलांडला जातो, इंजिन सुरू होते, आणि एकदा सुरू झाले की कोणतीही कुरकुर न करता सगळे आवार कापून होते. बसून चालवायच्या मोअरची ही तक्रार सर्रास आढळते आणि तिच्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो : नवी बॅटरी. नव्या बॅटरीने काही आठवडे काम भागते, त्यामुळे निदान बरोबर होते असा समज होतो. पुढच्या एप्रिलमध्ये तोच अडथळा परत आला की सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला प्रवाह जोडणारा स्विच, बदलला जातो, त्यानंतर स्टार्टर, आणि इतका खर्च करूनही दुखणे तसेच राहते, कारण ज्या भागात बिघाड आहे त्याला अजून कोणी हातच लावलेला नसतो. तो भाग म्हणजे झडपांची फट, किंवा आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत टॅपेट.

पुढील विवेचन एका विशिष्ट प्रकारच्या इंजिनाला धरून आहे : हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे, उभ्या क्रँकशाफ्टचे (म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा उभा असलेले), झडपा सिलिंडर हेडमध्ये असलेले आणि साधारण ५०० सीसी क्षमतेचे पेट्रोल इंजिन. अमेरिकेच्या उपनगरांत अर्धा ते दीड एकराच्या आवारासाठी जे १७ ते १९ हॉर्सपॉवरचे मोअर घेतले जातात, त्यांतील पुष्कळांवर हेच इंजिन असते. बॉनेटवर जॉन डीअर, क्राफ्ट्समन किंवा हस्कव्हार्ना यांपैकी कोणतेही नाव असले तरी खालचे इंजिन अनेकदा मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे असते, आणि म्हणून देखभालीची मापे शोधताना मोअरच्या मॉडेलपेक्षा इंजिनावर ठोकलेला क्रमांक अधिक उपयोगी पडतो. ब्रिग्जच्या क्रमांकाचे मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन भाग असतात. मॉडेलच्या पहिल्या आकड्यांवरून क्षमता घन इंचांत कळते, म्हणजे ३१ने सुरू होणारे मॉडेल सुमारे ५०० सीसीचे असते. कोडमध्ये उत्पादनाचे वर्ष, महिना आणि दिवस ओळीने येतात. हा क्रमांक एकदा पुसून, उजेड पाडून नीट वाचावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा, कारण इंजिनावरचे धूळ-तेलाचे थर पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच जाड झालेले असतात. कोहलरच्या अनेक इंजिनांत हायड्रॉलिक लिफ्टर असतात आणि त्यांची फट हाताने जुळवायची नसते. आपले इंजिन त्या प्रकारचे असेल तर पुढील कृती त्याला लागू नाही. इतर कारणे वगळण्याच्या तपासण्या मात्र लागू आहेत.

अडथळा नेमका कुठे येतो

पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतो तेव्हा दोन्ही झडपा बंद असतात आणि सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा त्याला विरोध करते. मोटारीत हा विरोध चार किंवा सहा सिलिंडरांत वाटला जातो आणि स्टार्टरही दणकट असतो. मोअरमध्ये ५०० सीसीचा सगळा दाब एकाच पिस्टनवर येतो, तर स्टार्टर आणि बॅटरी मोटारीच्या मानाने लहान असतात. त्यांच्या बळावर पूर्ण दाब ओलांडता येणार नाही हे इंजिनाच्या रचनाकारांना ठाऊक असते; म्हणून सुरुवातीच्या मंद वेगात एक झडप किंचित उघडी राहील आणि थोडी हवा निसटून जाईल अशी सोय कॅमशाफ्टवरच, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावरच, केलेली असते. महाराष्ट्रात ज्यांनी विहिरीवरचे किर्लोस्करचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू होताना पाहिले आहे, त्यांना ही सोय वेगळ्या रूपात परिचयाची असेल : आधी डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, जड फ्लायव्हीलला वेग आणायचा, आणि मग लिव्हर सोडायचा. जुन्या बुलेटच्या हँडलवरचा छोटा लिव्हरही याच कामाचा. मोअरमध्ये हा लिव्हर चालकाच्या हाती दिलेला नसतो. काही इंजिनांत कॅमच्या पाठीवरच एक बारीक उंचवटा असतो, तर काहींत वेग वाढला की आपोआप मागे सरणारे छोटे वजन असते.

समस्या निर्माण होते ती या उंचवट्याच्या आकारामुळे. तो झडपेला मिलिमीटरच्या अंशांइतकाच उचलतो. कॅमपासून झडपेपर्यंत पुशरॉड (ढकलणारा दांडा) आणि रॉकर (झडप दाबणारी तरफ) अशी साखळी असते आणि त्या साखळीत मुळातच थोडी फट ठेवलेली असते. रॉकरचा टेकू, पुशरॉडची टोके आणि झडपेच्या दांड्याचे टोक झिजत गेले, किंवा जुळवणीचा नट थोडासा सैल झाला, की ही फट वाढते. ती मूळ मापाच्या दुप्पट-तिप्पट झाली की कॅमवरचा उंचवटा केवळ ती फट भरून काढण्यातच संपतो, झडप जागची हलत नाही आणि दाब निसटण्याची वाट बंद होते. कॅमचा मुख्य भाग मात्र कित्येक मिलिमीटर उंच असल्याने चालू इंजिनावर या वाढीचा परिणाम जेमतेम जाणवतो. फार तर वरून टकटक असा आवाज थोडा वाढतो. सुरू होताना अडणारे आणि नंतर बिनतक्रार चालणारे इंजिन हे कोडे इथे सुटते.

नव्या बॅटरीने तात्पुरता गुण का येतो हेही यावरून समजते. बॅटरी ताजी असते तोवर स्टार्टर पूर्ण दाब कसाबसा ओलांडतो. काही आठवड्यांत तिचा जोर थोडा उतरतो, किंवा मार्चच्या अखेरीस एखाद्या गार सकाळी तेल घट्ट असते, आणि तेवढ्याने पारडे फिरते. जूनमध्ये तेल पातळ झाले की तक्रार आपोआप कमी होते आणि यंत्र ‘बरे झाले’ असे सगळे धरून चालतात. दरम्यान प्रत्येक अडलेल्या प्रयत्नात स्टार्टरमधून मोठा प्रवाह वाहतो, सोलेनॉइडचे संपर्कबिंदू जळतात आणि काही स्टार्टरांवर असलेल्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचे दात उडतात. म्हणजे जो भाग आधी विनाकारण बदलला गेला, तो पुढे खरोखरच बदलावा लागतो!

आधी काय वगळावे

विजेचा भाग वगळायला मल्टिमीटर पुरतो. पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी आणि मगच पुढचा विचार करावा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या खांबांवरचा व्होल्टेज साधारण ९.६च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे, पण अडलेला स्टार्टर चांगल्या बॅटरीचाही व्होल्टेज ओढून खाली आणतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये. दोन्ही केबल, विशेषतः चॅसीला बोल्टने जोडलेली ऋण केबल, सोडून, घासून, घट्ट बसवावी. त्यानंतर मोटारीच्या चांगल्या बॅटरीवरून जंपर केबल लावून पाहावे. मोटारीचे इंजिन मात्र त्या वेळी बंद ठेवावे. भक्कम बॅटरी आणि स्वच्छ जोडण्या असूनही मोअर त्याच जागी अडत असेल, तर विजेचा नाद सोडून द्यावा.

दुसरी शक्यता अधिक धोक्याची आहे आणि ती न तपासता चावीशी झटापट करणे महागात पडते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई घाणीमुळे नीट बसत नसेल, तर उभ्या मोअरमध्ये पेट्रोल झिरपत राहते. त्यातले काही सिलिंडरमध्ये साचते आणि काही खाली तेलात उतरते. द्रव पदार्थ हवेसारखा दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन तिथेच अडतो आणि लक्षण हुबेहूब तेच दिसते. या स्थितीत जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ओळख सोपी आहे. डिपस्टिक काढावी : तेलाची पातळी खुणेच्या वर गेलेली असेल आणि वासात पेट्रोल स्पष्ट जाणवत असेल, तर हेच कारण आहे. अशा वेळी प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून प्लग काढून चावी फिरवण्याचा मोह टाळावा, इंजिन हातानेच फिरवून सिलिंडर रिकामे करावे, आसपास ठिणगी उडेल असे काही नसावे. सुई दुरुस्त केल्याशिवाय आणि तेल-फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, कारण पेट्रोलने पातळ झालेले तेल बेअरिंगचे रक्षण करीत नाही.

या दोन्ही गोष्टी निकालात निघाल्यावर एक हाताची चाचणी उरते. चावी काढून खिशात ठेवावी, प्लगची वायर काढून बाजूला बांधावी, प्लग मात्र जागेवरच राहू द्यावा, आणि वरचे फ्लायव्हील वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवावे. दाब सोडण्याची सोय शाबूत असेल तर दाबाच्या जागी विरोध जाणवतो पण हाताखाली हळूहळू ओसरतो, आणि हवा निसटल्याचा बारीक आवाजही येतो. सोय निकामी असेल तर हात जणू भिंतीला लागतो. काही जण फ्लायव्हील हाताने थोडे उलटे फिरवून मग चावी लावतात आणि त्यांचे इंजिन दर वेळी सुरू होते. पिस्टनला अडथळ्यापूर्वी वेग घ्यायला लांब पल्ला मिळतो, एवढेच त्याचे कारण आहे. हा जुगाड यशस्वी होतो याचाच अर्थ टॅपेट पाहायची वेळ झाली आहे.

कॉम्प्रेशन गेज लावून निर्णय घेण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. या इंजिनांच्या बाबतीत तो मला पटत नाही. दाब सोडण्याची सोय चालू असेल तर गेज मुद्दामच कमी आकडा दाखवतो आणि ती बिघडली असेल तर उत्तम आकडा दाखवतो, म्हणजे ज्या इंजिनात बिघाड आहे तेच निरोगी ठरते. सिलिंडरची खरी अवस्था पाहायची असेल तर बाहेरून हवेचा दाब देऊन गळती मोजणारी लीकडाउन चाचणी करावी.

फट जुळवण्याची कृती

इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. आदल्या रात्रीपासून उभे असेल तर उत्तम. ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि पोलादी भाग सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे गरम इंजिनावर मोजलेली फट कंपनीच्या मापाशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. पार्किंग ब्रेक लावावा, बॅटरीची ऋण केबल सोडावी, प्लग काढावा आणि भोकाभोवतीचे गवत आधी ब्रशने व हवेने साफ करावे, नाहीतर तेच गवत सिलिंडरमध्ये जाईल.

बहुतेक मोअरवर झडपांचे झाकण पुढच्या बाजूला, बॉनेट उघडताच समोर येते आणि चार बोल्टांनी बसवलेले असते. बोल्ट निघाले तरी झाकण निघत नाही, कारण जुने गॅस्केट किंवा सीलंट चिकटून बसलेले असते. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटल्यास पत्रा वाकतो आणि मग तिथून कायम तेल पाझरते. लाकडी ठोकळ्यावरून हलके टोले देत ते मोकळे करणे बरे. खाली एक फडके ठेवावे, आतून थोडेसेच तेल ओघळते. झाकण निघाल्यावर शेजारी शेजारी दोन रॉकर दिसतात. कोणता कोणाचा हे पाठ करण्याची गरज नाही : ज्या झडपेचा मार्ग कार्ब्युरेटरकडे जातो ती आत घेणारी, आणि सायलेन्सरकडे जातो ती बाहेर सोडणारी.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक फसगत इथेच होते. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरावा आणि फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेने फिरवावे. अंगठ्याखालून हवा जोराने बाहेर पडू लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे असे समजावे. आता भोकातून प्लास्टिकची लांब स्ट्रॉ पिस्टनवर टेकवावी. लोखंडी सळई वापरू नये, ती तिरकी अडकली तर पिस्टनवर ओरखडे पडतात. स्ट्रॉ वर येत येत थांबते तो पिस्टनचा सर्वोच्च बिंदू. तिथे न थांबता आणखी थोडे फिरवावे, म्हणजे स्ट्रॉ साधारण ६ मिलिमीटर, पाव इंच, खाली उतरेल. हा पाव इंच ब्रिग्जच्या सूचनेतच आहे आणि त्यामागचे कारण आपल्या समस्येशीच निगडित आहे : दाब सोडणाऱ्या उंचवट्याच्या प्रभावापासून कॅम या जागी पूर्ण मुक्त असतो. पिस्टन अगदी शिखरावर ठेवून फट जुळवली तर उंचवट्याने उचललेल्या झडपेवर माप घेतले जाण्याची शक्यता राहते, आणि मग सगळी मेहनत करूनही इंजिन अडतच राहते.

या स्थितीत दोन्ही रॉकर बोटांनी वरखाली हलवून पाहावेत. फट वाढलेली असेल तर फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचे साधन, लावण्यापूर्वीच रॉकरची टकटक बोटांना कळते. ब्रिग्जच्या ३१ मालिकेतील इंजिनांसाठी आत घेणाऱ्या झडपेची फट ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर, आणि बाहेर सोडणाऱ्या झडपेची ०.००५ ते ०.००७ इंच, म्हणजे ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर असते. दोहोंच्या मध्यावर, अनुक्रमे ०.००४ आणि ०.००६ इंचांवर, जुळवणी करावी असे माझे मत आहे. अन्य मालिकांची आणि अन्य कंपन्यांची मापे वेगळी असतात, म्हणून सुरुवातीला टिपून ठेवलेल्या क्रमांकावरून आपल्या इंजिनाचे माप पाहून घेतल्याशिवाय पाना हाती घेऊ नये.

गेजची पाती झडपेच्या दांड्याचे टोक आणि रॉकर यांच्या मध्ये सरकवावी. रॉकर नटाने धरलेला असतो. काही इंजिनांवर त्या नटाच्या मध्यभागी टॉर्क्स पद्धतीचा लॉक-स्क्रू असतो, काहींवर वरून दुसरा नट असतो. आधी लॉक सैल करावा, मग मुख्य नट थोडा थोडा आवळत पाती पुढे-मागे ओढत राहावे. योग्य मापाला पाती अडत नाही पण मोकळीही सुटत नाही. कागदावर कागद घासावा तितकी ओढ बोटांना लागते. एका आकाराने जाड पाती आत शिरू नये आणि एका आकाराने पातळ पाती सैल जावी, ही खात्री करून घेण्याची अधिक भरवशाची पद्धत आहे. लॉक आवळताना मुख्य नट हमखास किंचित फिरतो आणि माप बदलते, म्हणून आवळताना मुख्य नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा आणि लॉक झाल्यावर पुन्हा मोजावे. दोन्ही झडपा झाल्या की फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून त्याच जागी आणावे आणि तिसऱ्यांदा मोजावे. कंटाळवाणे वाटले तरी ही शेवटची मोजणी टाळू नये, कारण पुशरॉड आपल्या खोबणीत नीट बसलेला नसेल तर तो या दोन फेऱ्यांतच बसतो आणि फट एकदम वाढलेली दिसते.

भीतीपोटी फट मापापेक्षा कमी ठेवणे हा विरुद्ध टोकाचा दोष आहे. झडप पूर्ण बंद होत नाही, इंजिनाची ताकद कमी होते, आणि बाहेर सोडणारी झडप तर जळूनच जाते, कारण तिची उष्णता बंद अवस्थेत बैठकीला टेकूनच बाहेर पडते.

झाकण लावताना नवे गॅस्केट घ्यावे, बोल्ट आळीपाळीने आणि बेताने आवळावेत. प्लग बदलायचा असेल तर हीच वेळ आहे. या इंजिनांवर त्याची फट सहसा ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिलिमीटर, ठेवतात आणि ॲल्युमिनियमच्या आट्या उतरू नयेत म्हणून प्लग सुरुवातीला हातानेच बसवतात. मग बॅटरी जोडून चावी फिरवावी. जुळवणी बरोबर झाली असेल तर फरक ऐकूनच कळतो : स्टार्टर एका लयीत, न अडखळता इंजिन फिरवतो, आणि अनेकदा ज्या जुन्या बॅटरीला निकालात काढायचे ठरले होते तीच आणखी एक-दोन हंगाम काम देते.

नेहमीच्या देखभालीत याला जागा

ओहायो, न्यू जर्सी किंवा इलिनॉयसारख्या राज्यांत एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला गवत कापावे लागते. एकरभर आवाराला आठवड्याला तास-सव्वा तास धरला तर एका हंगामात ३० ते ४० तास होतात. वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळा संपताना आणि पहिल्या कापणीपूर्वी, झडपांची फट पाहिली तर तक्रार उद्भवण्याआधीच पकडली जाते. तेल बदलणाऱ्या पुष्कळ लोकांना आणि काही सर्व्हिस करणाऱ्यांनाही हे काम यादीत असते याचीच कल्पना नसते, कारण तेल आणि फिल्टर डोळ्यांना दिसतात व टॅपेट झाकणाखाली असतात. आमच्या भागातील एका दुकानाच्या ‘पूर्ण ट्यून-अप’च्या पावतीवर पात्यांना धार लावण्यापासून टायरमधल्या हवेपर्यंत सगळे होते, हे सोडून.

बाकीची देखभाल या समस्येच्या संदर्भात थोडक्यात सांगता येईल. तेल नव्या इंजिनात पहिल्या ५ तासांनी आणि नंतर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलतात. ३१ मालिकेत साधारण १.४ लिटर लागते, तरी भरताना डिपस्टिकवरच विश्वास ठेवावा. एसएई ३० तेल उन्हाळ्याला उत्तम असले तरी ४ अंश सेल्सियसच्या खाली ते इतके घट्ट होते की स्टार्टरवरचा भार वाढतो, म्हणून मार्च आणि नोव्हेंबरमध्येही मोअर वापरायचा असेल तर ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घेणे सोयीचे. पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचेच घ्यावे. पंपावर शेजारीच मिळणारे ई१५ (१५ टक्के इथेनॉलचे) अशा लहान इंजिनांत वापरण्यास अमेरिकेत कायद्यानेच मनाई आहे. हिवाळ्यात टाकीत राहिलेले शिळे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर सोडते आणि फ्लोटची सुई अडकवते, म्हणजे वर सांगितलेल्या सिलिंडर भरण्याच्या प्रकाराला तेच आमंत्रण ठरते. साठवणीपूर्वी पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटे चालवावे.

इंजिनावरच्या पत्र्याखालचा कचरा हा मात्र सविस्तर सांगण्याचा विषय आहे. फ्लायव्हीलवरचे पंखे वरून हवा ओढून सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पाकळ्यांवरून फिरवतात, आणि या हवेबरोबर वाळलेल्या गवताचा भुगाही आत जातो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. पत्रा काढल्यावर पाकळ्यांमध्ये गवत अक्षरशः ठासून भरलेले आढळते, आणि गॅरेजमध्ये हिवाळा काढलेल्या मोअरमध्ये उंदराचे घरटेही. इंजिन असे गुदमरले की सिलिंडर हेड तापते, रॉकर आणि पुशरॉडची झीज वाढते, व ज्या ठिकाणी सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यामध्ये गॅस्केटची पट्टी अरुंद असते तिथे हेड गॅस्केट फुटते. मग ज्वलनाचा दाब थेट क्रँककेसमध्ये जातो, तेल ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरपर्यंत पोहोचते आणि सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर निघतो. टॅपेटसाठी झाकण उघडलेलेच असते, तर आणखी थोडे बोल्ट काढून पत्राही उतरवावा आणि पाकळ्या लाकडी काडीने व ब्रशने साफ कराव्यात. पाण्याचा फवारा मात्र मारू नये.

जुळवणी टिकत नसेल तर

फट बरोबर लावूनही काही आठवड्यांत ती पुन्हा वाढत असेल, तर केवळ पुन्हा जुळवून भागणार नाही. लॉक-स्क्रूच्या आट्या झिजलेल्या असू शकतात. रॉकरचा खांब हेडमध्ये सैल झालेला असू शकतो, जो रॉकर धरून हलवल्यास दिसतो. पुशरॉड वाकलेला असू शकतो, ज्याची परीक्षा काचेवर घरंगळवून होते. दोन पुशरॉड वेगवेगळ्या धातूंचे असू शकतात, म्हणून काढताना त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. दर वेळी एकाच झडपेची फट मोठ्या प्रमाणात बदलत असेल तर तिची बैठक हेडमधून सुटलेली असण्याचा संभव असतो, आणि तसे असेल तर हेड उतरवावेच लागते.

फट अचूक आहे, पुन्हा मोजूनही तेवढीच भरते, बॅटरी व केबल चांगल्या आहेत, सिलिंडरमध्ये पेट्रोल नाही आणि तरीही हाताच्या चाचणीत पिस्टन ताठ अडतो, अशा स्थितीत कॅमशाफ्टवरची सोयच मोडलेली असते : स्प्रिंग तुटलेली, वजन निखळलेले किंवा उंचवटा झिजलेला. याची खात्री झाकण उघडे असतानाच करता येते. प्लग काढून फ्लायव्हील सावकाश फिरवत दाबाच्या फेरीत दोन्ही रॉकरकडे पाहावे. शिखरापूर्वी त्यांपैकी एक किंचित हलून परत बसला पाहिजे. तो अजिबात हलत नसेल तर इंजिन मोअरवरून उतरवून खालचा तेलाचा तळ उघडावा लागेल, कारण कॅमशाफ्ट तिथूनच बाहेर येतो. निखळलेला तुकडा तेलाच्या तळात पडलेला असू शकतो, म्हणून अशा इंजिनावर जुगाडाने आणखी हंगाम काढण्याचा विचार करू नये. नवा कॅमशाफ्ट मागवण्यापूर्वी मात्र लीकडाउन चाचणी करून घ्यावी : हवा ब्रीदरमधून जोरात बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा हेड गॅस्केट गेलेले आहे, आणि रिंगांसह सिलिंडरही झिजलेले आढळले तर मजुरीचा सगळा हिशेब दुसऱ्या इंजिनाच्या बाजूने झुकतो.